कुठेच न सामावलेल्या लहानपणाचं चित्र काढताना

कागद समोर घेतला की सगळ्यांना आधी एकच सुचतं: कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेलं मूल आणि मागे काळा रंग. हे मूल कुणाचंही असू शकतं. फारच हात शिवशिवत असतील तर काढून मोकळे व्हा आणि दुसरा कागद घ्या.

त्यावर एखादी वस्तू काढा. आपण इथले नाही, हे तुम्हाला ज्या वस्तूपाशी कळलं ती. माझ्या बाबतीत ती वर्गातली खुंट्यांची ओळ. मी वर्षाच्या मध्येच त्या शाळेत आले होते. प्रत्येक खुंटीखाली एकेकाच्या नावाची चिठ्ठी, आणि माझं दप्तर खाली फरशीवर. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, चिठ्ठी लिहायची राहून गेली होती इतकंच. चित्र काढायला बसले तेव्हा चिठ्ठ्यांचे सुटलेले कोपरे आठवले, खाली वाहिलेला डिंकही आठवला. मुलांचा एकही चेहरा आठवेना, म्हणून चेहरे काढलेच नाहीत. जे आठवत नाही ते रचून भरू नका.

मग डोळ्यांची उंची ठरवा. चित्र फसतं ते बहुधा इथेच, कारण आठवताना आपण आजच्या उंचीवरून बघतो. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण 1 मीटरवर असतात. क्षितिजरेषा, म्हणजे चित्रातली डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ, तिथे आणा. दाराची मूठ नाकासमोर येते, टेबलाचा वरचा भाग पट्टीएवढा उरतो, मोठ्यांचे चेहरे कागदाबाहेर जातात. खात्री करायची तर गुडघ्यांवर उभं राहून खोलीत नजर फिरवा. (पाठदुखी असेल तर मोबाइल तेवढ्या उंचीवर धरून फोटो काढा.)

घोळका एका बाजूला आणि एकटा आकार पार दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी सोपी पडते, पण बोचत नाही. तो आकार घोळक्याला जवळजवळ टेकवा आणि मधे पेन्सिलीच्या टोकाएवढी फट ठेवा. लांब राहिल्यापेक्षा थोडक्यात राहून गेल्याचं जास्त लागतं.

घाईही नको. शिल्पकार लुईझ बुर्जुआच्या घरी भिंतीवर टांगायची जुनी विणलेली चित्रं दुरुस्त करायचा व्यवसाय होता. झिजून गेलेले भाग ती लहानपणी रेखाटून द्यायची. त्या घरातल्या गोष्टी ती आयुष्यभर घडवत राहिली. विणणाऱ्या आईसाठी तिनं जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या मादीचं नऊ मीटरहून उंच शिल्प उभारलं ते 1999 साली, वयाची ऐंशी उलटल्यावर.

काढता काढता फार भरून आलं तर तो भाग सोडून पार्श्वभूमीच्या रेघा मारत बसा. दिवसेंदिवस मन थाऱ्यावर येत नसेल तर समुपदेशकाशी बोला; ते काम चित्रावर टाकू नका.

अर्धवट चित्र घरच्यांना मात्र दाखवू नका. ‘असं काही नव्हतंच गं’ एवढं ऐकलं की हात थांबतो. सही झाली की मग खुशाल दाखवा.