मागाचा आवाज मोजक्या बिटांत बसवताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याकडच्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मायक्रोफोन लावला, की धोट्याचा ठोका आणि मोटारीची घरघर एकाच सिग्नलमधून येतात, आणि मोजके बिट कोणावर खर्च करायचे हे ठरवावे लागते.

आधी पल्ला ठरवावा. उणे १ ते अधिक १ व्होल्ट हा पल्ला ८ बिटांत मांडला, तर २५६ पायऱ्या होतात. प्रत्येक पायरी सुमारे ७.८ मिलिव्होल्टची आणि क्वांटायझेशनची (म्हणजे मूल्य जवळच्या पायरीवर बसवण्याची) चूक फार तर तिच्या निम्मी. एक बिट वाढवला की पायरी निम्मी होते आणि चुकीचा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मी पहिल्यांदा घरघरीच्या मापाने पल्ला आवळला, तेव्हा प्रत्येक ठोक्याचा शेंडा सपाट कापला गेला. ही चूक बिट वाढवून भरून निघत नाही. मात्र ठोक्यासाठी पल्ला अवाच्या सवा ताणला, तर घरघर दोन-चार पायऱ्यांतच अडकते. टेलिफोनमध्ये यावर जुना तोडगा आहे: सेकंदाला ८,००० नमुने (सिग्नलची क्षणाक्षणाला घेतलेली मापे), प्रत्येकी ८ बिट, पण पायऱ्या शून्याजवळ बारीक आणि दूर मोठ्या.

खरी बचत वारंवारतेचे पट्टे वेगळे केल्यावर होते. समजा, चार पट्ट्यांची सरासरी शक्ती २५६, १६, १६ आणि १ आहे आणि प्रत्येक पट्ट्यातून एकेक नमुना घेऊन चौघांना मिळून १२ बिट द्यायचे आहेत. सुरुवातीला ही शक्तीच चूक धरावी, पुढचा बिट दर वेळी सर्वांत मोठी चूक असलेल्या पट्ट्याला द्यावा आणि त्या पट्ट्याची चूक एक चतुर्थांश करावी, कारण पायरी निम्मी झाली की चुकीची शक्ती चौथाई होते. १२ बिट संपतात तेव्हा वाटणी ५, ३, ३, १ अशी होते आणि चारही पट्ट्यांतील चूक ०.२५ वर येते. सर्वांना सारखे तीन-तीन बिट दिले असते, तर सरासरी चूक सुमारे १.१३, म्हणजे साडेचार पट राहिली असती. (एक-दोन बिटांच्या पट्ट्यात हा चतुर्थांशाचा हिशेब ढोबळच असतो, तिथे प्रत्यक्ष मोजून पाहावे.)

ही वाटणी उलगडणाऱ्या बाजूलाही कळवावी लागते, म्हणून ती क्षणोक्षणी बदलू नये. आणि ज्या पट्ट्यात शेजारच्या मागांचाच गोंगाट त्या ०.२५ च्या वर आहे, तिथले बिट काढून घ्यावेत.