सिटिझनशिप अडते कुठे? बहुतेक वेळा आपल्याच युनिटच्या टेबलावर

ग्रीन कार्डावर अमेरिकन लष्करात भरती व्हायला निघालेली मराठी मुलं-मुली मला अधूनमधून मेसेज करतात. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, सिटिझनशिप किती दिवसांत होते?" हे कुणीच सांगू शकत नाही. जो रिक्रूटर छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे तेच लेखी मागून बघा, तो लगेच बोनसबद्दल बोलायला लागेल. रिक्रूटर वाईट माणसं असतात असं नाही. पण त्यांचं काम तुम्हाला बसमध्ये बसवेपर्यंतचं. पुढचे कागद तुमचे तुम्ही.

मी मॅव्हनीमधून आलो. ती योजना 2008 च्या शेवटी जाहीर झाली होती. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण देशात कायदेशीर राहणाऱ्या डॉक्टर-नर्सेसना आणि लष्कराला हव्या असलेल्या भाषा येणाऱ्यांना तिच्यामुळे भरती होता यायचं. भाषांच्या यादीत हिंदी होती, म्हणून माझ्यासारखे एफ-1 व्हिसावरचे बरेच देशी विद्यार्थी त्या दारातून आत शिरले. ते दार 2016 पासून बंद आहे. "मॅव्हनी पुन्हा सुरू होतेय" असे व्हिडिओ दरवर्षी कुणीतरी टाकतो. ते बघून एफ-1 वर बसून राहू नका. आज भरतीसाठी ग्रीन कार्ड लागतंच.

कायद्याबद्दल थोडक्यात. 11 सप्टेंबर 2001 पासूनचा काळ युद्धकाळ धरावा, असा आदेश राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 3 जुलै 2002 ला काढला. त्यामुळे इमिग्रेशन कायद्याचं कलम 329 लागू झालं, म्हणजे युद्धकाळातल्या सैनिकांना नागरिकत्व देणारं कलम. सन्मानाने सेवा करत असाल तर पाच वर्षं राहण्याची अट नाही आणि एन-400 ला, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाला, फीही नाही. सेवा किती दिवसांची, असा आकडा त्या कलमात लिहिलेलाच नाही. 2009 पासून तर फोर्ट जॅक्सनसारख्या ठिकाणी बेसिक ट्रेनिंग संपतानाच शपथ द्यायचे. माझे सीनियर परेडच्या आठवड्यात नागरिक होऊन बाहेर पडले. आम्हीही तेच गृहीत धरून सह्या केल्या.

मग सप्टेंबर 2016 मध्ये मॅव्हनीवाल्यांसाठी नवी, खोल पार्श्वभूमी तपासणी आली. ती पूर्ण झाल्याशिवाय बेसिकला पाठवायचं नाही असं ठरलं, आणि तपासणी करणाऱ्यांकडे फायलींचा ढीग. त्यात 13 ऑक्टोबर 2017 ला आणखी एक आदेश निघाला: तपासणी पूर्ण हवी, शिवाय पूर्णवेळ सेवेत 180 दिवस किंवा राखीव दलात एक वर्ष झालेलं हवं, तरच नागरिकत्वाच्या अर्जाला लागणारा सेवेचा दाखला मिळेल. बेसिकला गेल्याशिवाय दिवस मोजले जाणार नाहीत आणि तपासणी झाल्याशिवाय बेसिक नाही. इकडे व्हिसाची मुदत संपत चाललेली. अनेकांनी केवळ कायदेशीर राहण्यासाठी दुसऱ्या मास्टर्सला प्रवेश घेतला आणि त्याची फी भरली. ते दिवस आठवले की अजून राग येतो, खोटं कशाला बोलू. सेवेचा किमान कालावधी मागणारी ती अट वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये रद्द केली. तोवर आमच्यातल्या कित्येकांची विशी सरून गेली होती.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आदेश, कोर्ट, तपासणी यातलं काही आपल्या हातात नसतं. ज्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ती गोष्ट याहून फार क्षुल्लक आहे, आणि तीच तुम्हालाही गाठणार आहे: एन-426.

हा तोच सेवेचा दाखला. वरचा भाग तुम्ही भरायचा, खालचा लष्कराने. तुम्ही सक्रिय सेवेत आहात की राखीव दलात, कधीपासून, आणि सेवा सन्माननीय आहे का, एवढंच लष्कर त्यात सांगतं. सही झाली की तो एन-400 ला जोडायचा. वाचायला दोन मिनिटांचं काम.

आता राखीव दलातल्या युनिटमध्ये काय घडतं ते बघा. ड्रिल, म्हणजे राखीव सैनिकांची हजेरी आणि सराव, महिन्यातून एका शनिवार-रविवारी. शनिवारी सकाळी तुम्ही फॉर्म देता. कंपनी कमांडर म्हणतो, बघतो. तो स्वतः शाळेत शिकवणारा किंवा विमा विकणारा माणूस, त्याने हा फॉर्म आयुष्यात पाहिलेला नसतो. तो देतो युनिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे, तो बटालियनच्या एस-1 कडे, म्हणजे सैनिकांचे कागद बघणाऱ्या विभागाकडे, आणि 2017 च्या नियमानंतर सही लागायची कर्नल दर्जाची, म्हणजे फॉर्म ब्रिगेडपर्यंत जाणार. पुढच्या ड्रिलला विचारलं की उत्तर मिळतं, "वर पाठवलाय." त्याच्या पुढच्या ड्रिलला सार्जंट बदललेला असतो. एक दिवस फॉर्म परत येतो, कारण भरतीच्या तारखेचा रकाना रिकामा राहिलाय. तुमचा नव्हे, त्यांचा. पुन्हा पहिल्या टेबलापासून.

आणि यातली खरी मेख अशी: सही झालेला एन-426 सहीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत एन-400 सोबत दाखल व्हावा लागतो. सही झाली म्हणजे तो तुमच्या हातात आला असं नाही. माझा सही झालेला फॉर्म वरच्या कार्यालयातच पडून राहिला. मला कुणी कळवलं नाही. मी दर ड्रिलला विचारत होतो आणि "प्रोसेसमध्ये आहे" ऐकत होतो. हातात पडला तेव्हा सहीची तारीख शिळी झाली होती. अर्ज भरून तयार, फोटो तयार, सगळं तयार, आणि दाखला निरुपयोगी. मग नवी सही, आणि ती करायला नवा कर्नल, ज्याला सगळं पहिल्यापासून समजावायचं.

म्हणून फॉर्म देताना त्याच्यासोबत एक पान जोडा: कायद्याचं कलम कोणतं, कोणता रकाना कुणी भरायचा, सही करणारा कोण हवा, सहा महिन्यांची मुदत. फॉर्म ईमेलनेही पाठवा, म्हणजे तारीख राहते. "वर पाठवलाय" हे उत्तर घेऊ नका. कुणाकडे, कोणत्या दिवशी, त्याचा फोन काय, हे विचारा. ड्रिलची वाट बघू नका, मधल्या आठवड्यात युनिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला फोन करा, तो पूर्णवेळ नोकर असतो. आणि एन-400 आधीच भरून ठेवा. सही मिळाल्यावर अर्ज भरायला बसणारी माणसं मी पाहिलीत. त्यांना मी हात जोडतो.

आपण मराठी माणसं इथे भिडस्तपणा करतो. साहेबाला दोनदा कसं विचारायचं! विचारा. तिसऱ्यांदाही विचारा. लष्करात पाठपुरावा करणाऱ्याला कुणी उद्धट म्हणत नाही, विसरभोळ्यालाच बोलणी बसतात.

मदत कुणाची घ्यावी, यावर माझं मत ठाम आहे. तळावरच्या लीगल असिस्टन्स कार्यालयात वकील फुकट मिळतो. तिथला पॅरालीगल सार्जंट, ज्याने असे ढीगभर फॉर्म पाहिलेत, तो बाहेरच्या महागड्या वकिलापेक्षा जास्त कामाचा. फेसबुक ग्रुपवर "माझं चार महिन्यांत झालं" लिहिणाऱ्याचं अभिनंदन करा आणि पुढे चला. त्याची केस त्याची. अर्ज अडकून पडला तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जा, गोपनीयतेच्या संमतिपत्रावर सही करा, ते चौकशी लावतात. हा वशिला नाही, त्यांचं कामच आहे. मुलाखत होऊन 120 दिवस उलटले तरी निर्णय नसेल, तर फेडरल कोर्टात जायची कायद्यात सोय आहे. ती वापरणाऱ्यांना घाबरट लोक वेड्यात काढतात, पण माझ्या ओळखीत कुणाचं त्याने बिघडलेलं नाही.

बोटांच्या ठशांसाठी हल्ली भरतीच्या वेळचे ठसे चालू शकतात. त्यामागे एक जीव गेलाय. केंडेल फ्रेडरिक हा त्रिनिदादहून आलेला राखीव दलाचा सैनिक. 2005 मध्ये इराकमध्ये नागरिकत्वाच्या अर्जासाठी ठसे द्यायला निघाला असताना रस्त्यातल्या बॉम्बस्फोटात मारला गेला. 2008 चा कायदा त्याच्याच नावाने आहे.

घाबरू नका. ग्रीन कार्ड हातात असेल तर आमच्यासारखी व्हिसाची टांगती तलवार तुमच्या डोक्यावर नाही. उशीर झाला तरी पगार चालू राहतो, शिक्षणाचे फायदे मिळतात. फक्त सिक्युरिटी क्लिअरन्स मिळत नाही, अधिकारी होता येत नाही, आणि इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तुम्ही ट्रक चालवता किंवा मेसमध्ये अंडी फोडता. मी दोन्ही कामं केली, कमीपणा वाटून घेऊ नका.

पण वर्दी घातली म्हणजे आपोआप नागरिक झालो, या भ्रमात राहू नका. अर्ज न करताच सेवेतून बाहेर पडलेले आणि पुढे एखाद्या गुन्ह्यात सापडून देशाबाहेर काढले गेलेले माजी सैनिक खरोखर आहेत. बाहेर पडला असाल तर डीडी-214, म्हणजे सेवा संपल्यावर मिळणारा दाखला, जोडून अर्ज करा, तेव्हा एन-426 वर लष्कराची सही लागत नाही. आणि सेवेच्या आधारे नागरिकत्व मिळाल्यावर एकूण पाच वर्षं सन्मानाने भरण्याआधी वाईट शेऱ्याने काढलं गेलं, तर ते काढूनही घेता येतं.

घरच्यांशी एक गोष्ट भरतीच्या आधी बोला, कारण रिक्रूटरला ती माहीतच नसते. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. "मग ओसीआय काढू" असं आपण सहज म्हणतो, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड. परदेशी लष्करात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला भारत सरकार ओसीआय देत नाही. आईला भेटायला जायचं तरी दर वेळी व्हिसा. माझ्या वडिलांना हे पचायला वेळ लागला, आणि त्यांची चूक नव्हती.

शेवटी नावाचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, कधी ते पासपोर्टवर पहिल्या नावाला चिकटलेलं, ग्रीन कार्डावर वेगळं, भरतीच्या करारात नुसतं आद्याक्षर. एन-426 आणि एन-400 भरण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. शपथविधीच्या दिवशी सर्टिफिकेट हातात आलं की फोटो काढण्याआधी स्पेलिंग वाचा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे अधिकाऱ्याला दाखवा. घरी गेल्यावर लक्षात आलं तर सर्टिफिकेट बदलून घ्यायला एन-565 भरावा लागतो, म्हणजे आणखी एक फॉर्म आणि आणखी एक वाट बघणं.