बिल इव्हान्सचा ‘एव्हरीबडी डिग्ज बिल इव्हान्स’ कसा ऐकावा

जॅझ ऐकायचं आहे पण सुरुवात कुठून करावी हे सुचत नाही, अशांना मी हाच अल्बम देतो. पियानोवादक बिल इव्हान्सचा हा दुसरा अल्बम. १५ डिसेंबर १९५८ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तो २९ वर्षांचा होता आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ताफ्यातून नुकताच बाहेर पडला होता. साथीला बासवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) सॅम जोन्स, ड्रम्सवर फिली जो जोन्स. मुखपृष्ठावर त्याची तारीफ करणारे चार अभिप्राय आहेत, त्यातला एक खुद्द माइल्सचा.

पहिल्या ट्रॅकपासून सुरू करू नका. थेट सातव्यावर या: ‘पीस पीस’. साडेसहा मिनिटांहून थोडा जास्त, एकट्या पियानोचा. हेडफोन लावा आणि हातातलं काम बाजूला ठेवा.

पहिल्यांदा फक्त डावा हात ऐका. एक स्थिर कॉर्ड (एकदम वाजवलेले काही स्वर), मग जरा अधांतरी राहणारा दुसरा, आणि परत पहिला. एवढंच आवर्तन जवळजवळ शेवटपर्यंत चालतं. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा फिरत राहतो, तसं.

मग पुन्हा लावा आणि उजव्या हाताच्या मागे जा. सुरुवातीची सुरावट साधी, विरळ आहे. मध्यावर मात्र वरच्या सप्तकात तुटक, झटक्यात सोडलेले सूर येतात आणि त्यातले काही डाव्या हाताशी सरळ भांडतात. इथे बिचकून ट्रॅक बदलू नका. खालचं आवर्तन ढळत नाही म्हणून तो विसंवाद पेलला जातो, आणि उजवा हात पुन्हा खालच्या स्वरांशी जुळतो तेव्हा जो निवांतपणा वाटतो, तो त्या भांडणामुळेच. मला तरी अख्ख्या अल्बममधली सर्वांत मोलाची जागा हीच वाटते.

ही रचना आधी ठरलेली नव्हती. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनच्या ‘सम अदर टाइम’ या गाण्याची प्रस्तावना वाजवता वाजवता ती उमलत गेली आणि गाणं बाजूला राहिलं. काही सीडी आवृत्त्यांत ते गाणंही शेवटी जोडलेलं आहे. मिळालं तर लगेच ऐका, तोच डावा हात ओळखू येईल. पुढे १९५९मध्ये माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘फ्लमेंको स्केचेस’ची सुरुवातही याच आवर्तनाने झाली.

आता पहिल्या ट्रॅकवर, जीजी ग्राइसच्या ‘मायनॉरिटी’वर या. आधी मूळ धून, मग त्याच कॉर्ड्सच्या फेऱ्यांवर उपज, शेवटी पुन्हा धून. इव्हान्स धून सोडून पुढे गेला की तुम्ही ती मनात गुणगुणत राहा, म्हणजे तो कुठे फिरतोय ते कळतं. सनी रॉलिन्सच्या ‘ओलिओ’त चौकट ३२ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) आहे: आठ-आठचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळा. लय जलद असल्याने बोटांवर मोजताना आधी चुकाल, पण तिसरा भाग एकदा सापडला की पुढे वाट सुटत नाही.

‘नाइट अँड डे’ ड्रम्ससाठी ऐका. ‘एपिलॉग’ मिनिटभराचाही नाही. एलपीच्या दोन्ही बाजू त्यानेच संपतात.

हा अल्बम अंगवळणी पडला की ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ घ्या. डिसेंबर १९५९चं ध्वनिमुद्रण, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. तिथे बास नुसता ठेका धरून बसत नाही, पियानोशी बोलायला लागतो.