जुना ट्रान्सीव्हर हाती आलाय? या चुका टाळा

तीस-चाळीस वर्षं माळ्यावर पडलेला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा असा एकच सेट) हाती आला, की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघायचा. बरेच जुने सेट याच क्षणी जातात. यासूचा एफटी-१०१ असो की केनवूडचा टीएस-५२०, १९७० च्या दशकातले हे सेट बांधणीने दणकट आहेत. रिसीव्हर ट्रान्झिस्टरचा; पाठवण्याकडचा ड्रायव्हर आणि फायनल, म्हणजे शेवटचा पॉवरचा टप्पा, तेवढे व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे). सोल्डरिंग गन आणि मल्टीमीटर चालवता येणाऱ्या माणसाला ते आजही घरी दुरुस्त करता येतात. त्यांचा घात करते ती आपली घाई आणि आपल्याकडची लाइट.

प्लग लावण्याआधी

आधी झाकण उघडून ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टवर जोडलाय ते बघा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आणि अमेरिकेत साधारण १२० ची. कुणी तिकडून आणलेला सेट तसाच आपल्या २३० वर लावला, तर ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. एफटी-१०१ मध्ये १०० पासून २३४ व्होल्टपर्यंत टॅप (येणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे निवडायचे ट्रान्सफॉर्मरचे जोड) असतात. अनेक जण २२० चा टॅप निवडून मोकळे होतात, आणि मराठवाड्यातल्या गावात ही चूक महागात पडते. थ्री फेज असताना डीपीवरच्या सगळ्या मोटरी चालू झाल्या की घरातलं व्होल्टेज १८० वर येतं. मोटरी बंद झाल्या की तेच २५० ला जाऊन टेकतं. २२० च्या टॅपवर २५० आलं, तर व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला सातच्या वर मिळतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून मल्टीमीटर लावून दिवसा आणि रात्री दोन्ही वेळेला मोजा, मगच टॅप ठरवा. सेटमध्ये २३४ चा टॅप असेल तर तोच घ्या. जमलं तर पुढे सर्व्हो स्टॅबिलायझर ठेवा.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्याने त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो. अशा कपॅसिटरवर एकदम शेकडो व्होल्ट आले की तो गळतो, तापतो, कधी फुटतो. मोटर वाइंडिंगवाल्याकडे असतो तसा सिरीज बोर्ड करा आणि त्यात ६० वॉटचा तारेचा पिवळा बल्ब लावा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. सेटचा हीटर स्विच बंद ठेवून वीज द्या. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. तासभर ६० वर, मग १०० च्या बल्बवर, असं सावकाश चढत जा. व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तमच. फुगलेला किंवा ओघळलेला कपॅसिटर मात्र सरळ बदला, त्याला जगवण्यात वेळ घालवू नका.

ट्रान्समिट करण्याआधी आणखी एक भाग बदलून टाकावा असं माझं ठाम मत आहे. ड्रायव्हर व्हॉल्व्ह १२बीवाय७ए च्या प्लेटवरून फायनल व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंटवर ताबा ठेवणाऱ्या आतल्या जाळीकडे) जाणारा छोटा कपलिंग कपॅसिटर. तो गळू लागला की ड्रायव्हरचं उच्च दाबाचं व्होल्टेज ग्रिडवर येतं, बायस (ग्रिडवरचं ठरलेलं ऋण व्होल्टेज) कोलमडतो आणि फायनल व्हॉल्व्ह लाल होऊन जळतात. फायनल व्हॉल्व्हच्या चांगल्या जोडीच्या किमतीपुढे या कपॅसिटरची किंमत काहीच नाही.

हे सगळं करताना लक्षात असू द्या, फायनलच्या प्लेटवर ६०० ते ८०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ते शिल्लक राहतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका. जाड रेझिस्टरला इन्सुलेटेड वायरी जोडून त्यातून उतरवा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला, तोही एकच.

ट्यूनिंगची घाई

नव्या रिगवर हात बसलेल्यांकडून सगळ्यात जास्त फायनल इथे जळतात. या सेटना आपोआप काही जमत नाही. हीटर लावून दोन-तीन मिनिटं थांबा. लायसन्स हातात असलं तरी ट्यूनिंग अँटेनावर करू नका, डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरवर) करा. १ किलोओहमचे २ वॉटचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा, ४० वॉटचा लोड तयार होतो. थोड्या वेळाच्या ट्यूनिंगला तो पुरतो. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात.

आधी ड्राइव्ह अगदी कमी ठेवून प्रीसिलेक्टरचा नॉब पीकवर, म्हणजे सगळ्यात जास्त ताकदीच्या जागी, आणा. मग प्लेटचा नॉब फिरवा. करंट मीटरचा काटा एका जागी खाली पडतो तो डिप, म्हणजे टँक सर्किट (फायनलचं कॉइल-कपॅसिटरचं सर्किट) जुळलं. मग लोडचा नॉब थोडा वाढवा, प्लेटच्या नॉबने पुन्हा डिप शोधा. ट्रान्समिटची की (मोर्सचं बटण) दहा सेकंदांवर दाबून ठेवू नका, आणि दोन वेळांमध्ये तेवढीच विश्रांती द्या. डिप सापडेना म्हणून की दाबून चाचपडत राहिलात, तर सगळी ताकद उष्णता होऊन प्लेटमध्येच मुरते. फायनल बदलले तर जुळलेली जोडी घ्या, बायस मॅन्युअलप्रमाणे लावा आणि न्यूट्रलायझेशन (व्हॉल्व्ह आपोआप ऑसिलेट होऊ नये म्हणून करायचं जुळवणं) नव्याने करा. नुसते व्हॉल्व्ह खोचून भागत नाही.

साफसफाई

काळ्या मातीची धूळ, कापसाची तूस, पालीची घाण, सगळं आत सापडतं. ब्रश आणि ब्लोअरने काढा. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे बँडस्विचवर (बँड बदलायच्या स्विचवर) मारू नका, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाका आणि स्विच वीसेक वेळा फिरवा. रिलेला पॉलिश पेपर तर मुळीच लावू नका, चांदीचा मुलामा निघतो. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, कॉन्टॅक्टच्या मधे धरून बोटाने हलके दाबा आणि ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल. ती उमटायची थांबेपर्यंत हे करा. रिसीव्हर बहिरा वाटतोय अशी तक्रार कित्येकदा एवढ्यावर मिटते.

कॉइलचे स्लग (कॉइलच्या आतले फिरवायचे गाभे) मात्र फिरवू नका. अलाइनमेंट बिघडलीय हे उपकरणाने मोजल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर) सरकतोय वाटलं तर आधी अर्धा तास सेट तापू द्या. खरखर येत असेल तर घरातले एलईडी बल्ब, चार्जर, सोलर इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा. दोष बहुधा तिथेच असतो.

अर्थिंगचंही तसंच. उन्हाळ्यात आपल्या जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहा. अवकाळीचे ढग दिसले की कोअ‍ॅक्स (अँटेनाची केबल) काढून घराबाहेर ठेवा, प्लगही काढा.

बॅटरीवर चालवताना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गावंच्या गावं पडली, तेव्हा हॅम मंडळी निरोप पोचवायला पुढे आली होती. वीज नसताना चालणारा सेट आपल्या भागात तयार असावा असं मला मनापासून वाटतं. एफटी-१०१ च्या बऱ्याच मॉडेलांत १२ व्होल्टचा कन्व्हर्टर आतच आहे. पण ट्रान्समिटला तो २० अँपिअरच्या आसपास ओढतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून घरातली बारीक वायर लांबवर आणली, तर व्होल्टेज वाटेतच बसतं आणि सेट नुसता घरघरतो. जाड वायर घ्या, आखूड ठेवा, प्लस-मायनस दोनदा तपासा, फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच लावा. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा हीटर स्विच बंद ठेवा, म्हणजे तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.