साउंड बॅग घेताना आणि भरताना या चुका टाळा

लोकेशनवरून आलेल्या आवाजात खरखर, घरघर किंवा मध्येच गायब झालेले शब्द सापडले की पहिला आळ माइकवर येतो. लगेच नवा माइक घ्यायची चर्चा सुरू होते. माझं म्हणणं एवढंच की आधी साउंड बॅग, म्हणजे रेकॉर्डर, वायरलेस रिसीव्हर आणि बॅटरी अंगावर वागवायची बॅग, उघडा. मोडून वळलेली केबल, सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरला खेटून ठेवलेला, सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर, अर्धवट बसलेला पॉवरचा प्लग, पोटाशी दाबलेला अँटेना, असा काहीतरी दोष तिथंच सापडतो. आणि तो काढायला पैसेही फारसे लागत नाहीत.

कोल्हापुरात हे काम आता बरंच वाढलंय. १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट याच शहरात तयार झाला, तेव्हा आवाजाची यंत्रणा अवजड होती आणि सगळं तिच्या सोयीनं चालायचं. आज रेकॉर्डिस्ट नटामागं पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरतो, गुऱ्हाळात शिरतो, मसाई पठारावर चालत राहतो. चित्रनगरीत फ्लोअरवर काम असेल तर ट्रॉलीच बरी. बाहेर पडलं की मात्र सगळं अंगावर घ्यावं लागतं, आणि चुका तिथंच उघड्या पडतात.

रेकॉर्डरच्या मापाची बॅग घेणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. रेकॉर्डर मावेल एवढी बॅग बघितली आणि मागवली, असं होतं. झूम एफ८एन प्रो हा रेकॉर्डर उदाहरणाला घेऊ. त्याची रुंदी सुमारे १७८ मिलिमीटर आणि आठ इनपुट दोन्ही बाजूंना चार-चार अशी. आता दोन्हीकडं सरळ एक्सएलआर प्लग (माइकच्या केबलचे तीन पिनांचे प्लग) लावा. प्लगची लांबी आणि त्यामागं केबलला लागणारं वळण धरलं तर एकेका बाजूला सहा-सात सेंटिमीटर जातात. म्हणजे अठरा सेंटिमीटरच्या यंत्राला बत्तीस सेंटिमीटर जागा हवी. बॅग पंचवीसची असेल तर केबल प्लगच्या मुळाशीच मोडते, आतलं सोल्डर हळूहळू सुटतं आणि खरखर सुरू होते. तीही फक्त चालताना. टेबलावर ठेवून तपासलं की आवाज अगदी स्वच्छ, त्यामुळं दोष सापडता सापडत नाही.

तो शोधायची रीत सोपी आहे. हेडफोन कानाला लावा, गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण, शूटिंगला असतो तेवढाच ठेवा आणि एकेक केबल प्लगजवळ बोटानं हलकीशी डावी-उजवी करा. जिथं खरखर उमटेल ती केबल काढून बाजूला ठेवा. वरून टेप गुंडाळून तीच पुन्हा लावली तर ती नेमकी महत्त्वाच्या टेकला दगा देते.

काटकोनी एक्सएलआर प्लग लावले की ही जागा निम्म्यावर येते. ते घेताना केबल कुठल्या दिशेला निघते ते बघून घ्या, कारण चार प्लग शेजारी बसवले की एकाची केबल दुसऱ्याच्या अंगावर येते. काही प्लगमध्ये ही दिशा बदलता येते, ते घेतलेले चांगले.

बॅग मागवण्याआधी सगळं सामान, केबल जोडलेल्या अवस्थेत, टेबलावर मांडा आणि त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका कापून त्यात ते बसवून बघा. हात आत घालून प्रत्येक बटणापर्यंत पोहोचतोय का? कार्डाचं दार रेकॉर्डर बाहेर न काढता उघडतंय का? रेकॉर्डरचा स्क्रीन मान फार न वाकवता दिसतोय का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की माप ठरलं. ऑर्का किंवा के-टेकच्या बॅगा उत्तम आहेत, कडक चौकट, बाजूनं उघडणाऱ्या चेन, आतून वेल्क्रो. पण सुरुवात करणाऱ्याच्या खिशाला त्या जड जातात. कॅमेऱ्याची जुनी बॅग चालते का, असं पोरं विचारतात. चालते, पण दोन्ही बाजूंना केबलसाठी तोंडं पाडून घ्यायला हवीत आणि आतला जाड फोम थोडा काढायला हवा, नाहीतर उष्णता कोंडते. बॅगा शिवणारा कारागीर हे काम व्यवस्थित करून देतो. त्याच्याकडून पट्ट्याच्या कड्याही दुहेरी शिवून घ्या, कारण कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कड्या दिवसभर गळ्यात लटकवायच्या हिशेबानं शिवलेल्या नसतात.

बॅटरीचा हिशेब एमएएचमध्ये करणं

वीस हजार एमएएचची पॉवर बँक आहे, दिवस निघेल, असं समजून चालणारे भेटतात. पॉवर बँकेवरचा एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. एनपी-एफ९७० ही बॅटरी ७.२ व्होल्टची. दोघींच्या एमएएचची तुलना होतच नाही. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठते तो आकडा, बघा. समजा रेकॉर्डर आणि रिसीव्हर मिळून १५ वॉट खातात आणि बॅटरी ९८ वॉट-अवरची आहे, तर कागदावर साडेसहा तास होतात. बॅटरी जुनी होते, व्होल्टेज बदलताना काही वाया जातं, म्हणून पाचच धरा.

दुसरी गोष्ट पॉवरच्या प्लगची. चार पिनांच्या हिरोज प्लगला खटका असतो, तो गोल डीसी पिनेसारखा ओढ बसली की निसटत नाही. त्यामुळं जिथं शक्य तिथं हिरोजच वापरा. पहिली पिन ऋण आणि चौथी धन ही सर्रास चालणारी जोडणी आहे, तरी बाजारात तयार मिळालेली किंवा कुणी सोल्डर करून दिलेली केबल मल्टिमीटर लावल्याशिवाय यंत्राला जोडू नका. एक मिनिटाचं काम आहे, आणि उलटी जोडणी झाली तर रेकॉर्डर जाऊ शकतो. एफ८एन प्रोमध्ये आठ डबल ए सेलही बसतात. बाहेरच्या बॅटरीवर काम असलं तरी ते भरून ठेवा, म्हणजे प्लग निघाला तरी टेक वाचतो.

आता घरघर. रेकॉर्डर आणि रिसीव्हर एकाच बॅटरीवर चालत असतील आणि त्यांच्यात ऑडिओ केबलही असेल, तर ग्राउंडला दोन वाटा मिळतात आणि गुंजारव किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. खात्री करायची असेल तर रिसीव्हरची पॉवर केबल काढून त्याला त्याच्याच सेलवर चालवा. आवाज गेला तर दोष माइकमध्ये नाही, पॉवरच्या वाटणीत आहे. तोवर रिसीव्हर सेलवरच चालू ठेवून शूट पुरं करा आणि आयसोलेशन असलेली, म्हणजे ग्राउंडची ही दुसरी वाट तोडणारी, पॉवर केबल नंतर शोधा. पॉवर बँकेतून आलेल्या यूएसबी पॉवरवर असा आवाज जास्त ऐकू येतो. कॅमेऱ्याला केबलनं जोडल्यावरच घरघर येत असेल, तर तिथंही हीच तपासणी करा.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एका कप्प्यात

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिचं खापर कायम वायरलेस माइकच्या कंपनीवर फुटतं. बॅगेतून कॅमेऱ्याकडं किंवा दिग्दर्शकाच्या कानात आवाज पाठवणारा ट्रान्समीटर असतो आणि नटांच्या लेपल माइकचे (कपड्याला लावायच्या छोट्या माइकचे) रिसीव्हरही त्याच बॅगेत असतात. ट्रान्समीटर रिसीव्हरला लागून ठेवला की त्याच्या जवळच्या, जोरदार लहरीपुढं रिसीव्हरला दूरच्या नटाचा क्षीण सिग्नल पकडताच येत नाही. लक्षण ठरलेलं आहे. नट जवळ असताना सगळं ठीक, थोडा लांब गेला की शब्द तुटायला लागतात. ट्रान्समीटर बंद करून त्याच अंतरावर पुन्हा ऐका. रेंज वाढली, तर चोर सापडला. रिसीव्हर डाव्या टोकाला ठेवा, ट्रान्समीटर उजव्या टोकाला किंवा हार्नेसच्या (बॅग अंगावर घ्यायच्या खांदा-कमरेच्या पट्ट्यांच्या) पाठीकडच्या पट्ट्यावर अडकवा, आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सी शक्य तितक्या लांब ठेवा.

अँटेनाची लांबी फ्रिक्वेन्सीनुसार ठरते. ६०० मेगाहर्ट्झला लहरीचा पाव भाग सुमारे साडेबारा सेंटिमीटर होतो, ५०० ला पंधरा. त्यामुळं एका संचाचा अँटेना सापडत नाही म्हणून दुसऱ्या बँडचा (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा) स्क्रू करून बसवला की रेंज पडते. अँटेना बॅगेच्या वर, उभे आणि एकमेकांना न टेकणारे ठेवा. बॅगेत जागा नाही म्हणून ते आडवे दुमडून झाकणाखाली कोंबणं तर नकोच.

रोड वायरलेस गो किंवा डीजेआय माइकसारखे २.४ गिगाहर्ट्झचे संच वापरत असाल तर शरीर हीच मोठी अडचण. माणसाच्या अंगात पाणी भरपूर, आणि या लहरी पाण्यात मुरतात. रिसीव्हर पोटाजवळच्या कप्प्यात गेला आणि तुम्ही नटाकडं पाठ केली की सिग्नल गेलाच. तो बॅगेच्या पुढच्या काठावर, उघड्यावर अडकवा. शेजारी चालू यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा एसएसडी ठेवू नका, तिच्यातून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. आणि मोबाइल? तो बॅगेत नकोच, विमान मोडवर टाकून दुसऱ्या खिशात ठेवा. महाद्वार रोडवर किंवा भवानी मंडपात, जिथं प्रत्येकाच्या हातात फोन आहे, तिथं जाऊन आधी स्कॅन केल्याशिवाय, म्हणजे मोकळी फ्रिक्वेन्सी कुठली ते शोधल्याशिवाय, फ्रिक्वेन्सी पक्की करू नका. आदल्या संध्याकाळी घरात केलेलं स्कॅन तिथं उपयोगाचं नाही.

खांद्यावर सगळं वजन

एकाच पट्ट्यानं भरलेली बॅग दिवसभर गळ्यात अडकवली की मान आणि कंबर दोन्ही जातात. हार्नेस घ्या, आणि घालताना आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्याचे. उलट क्रमानं आवळले तर वजन खांद्यावरच राहतं आणि हार्नेस असून नसल्यासारखा होतो. बॅग अंगाला जितकी चिकटून, तितकी हलकी लागते. बॅटरीसारख्या जड वस्तू तळाला आणि शरीराच्या बाजूला ठेवा. हेडफोनची केबल थेट रेकॉर्डरच्या जॅकमध्ये नको. एक आखूड एक्स्टेन्शन घेऊन ते हार्नेसला क्लिपनं धरा, म्हणजे हिसका क्लिपला बसतो, जॅकला नाही. बूमची, म्हणजे लांब काठीवरच्या माइकची, केबलही बॅगेच्या काठावर अशीच एका ठिकाणी बांधा. ती मोकळी राहून कापडावर घासली की तो घसरा बूममधून थेट रेकॉर्ड होतो.

बॅगेचे स्वतःचे आवाज विसरू नका. कड्या खुळखुळतात, वेल्क्रो फाटल्यासारखा ओरडतो. कड्यांना कापडी टेप गुंडाळा आणि टेक चालू असताना कुठलाही कप्पा उघडू नका.

गुलाल, वाफ आणि पाऊस

जोतिबाच्या चैत्र यात्रेत शूट करायचं असेल तर बाकी काही विसरलं तरी चालेल, गुलाल विसरू नका. तो इतका बारीक असतो की चेनमधून, केबलच्या तोंडातून, नॉबच्या फटीतून आत शिरतो, आणि मग नॉब फिरवला की खर्र आवाज येतो. झाकण बंद आणि वर पारदर्शक आवरण हवंच, न वापरलेल्या एक्सएलआरच्या तोंडांना टोपणं किंवा टेप लावा. परत आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका, त्याचा चिखल होऊन तो आणखी खोल बसतो. कोरडा मऊ ब्रश आणि हातानं दाबायचा ब्लोअर, एवढ्यानं बरंच निघतं. प्लगच्या पिना शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. गुऱ्हाळात काहिलीजवळची वाफ आणि उष्णता हा वेगळा प्रश्न. तिथं झाकण उघडं ठेवून टेकच्या मध्ये बॅग बाहेर वाऱ्याला आणा.

गगनबावड्याच्या किंवा पन्हाळ्याच्या पावसाळ्यात पाण्यापेक्षा दमट हवा जास्त त्रास देते. एसी गाडीतून बॅग थेट धुक्यात काढली की आत दव धरतं आणि कंडेन्सर माइकमध्ये फटफट आवाज येऊ लागतो. पोहोचण्याआधी एसी बंद करा आणि बॅग थोडा वेळ बंदच राहू द्या. सेनहायझर एमकेएच ४१६ हा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालणारा) कंडेन्सर माइक असल्यानं दमट हवा बऱ्यापैकी सोसतो, म्हणून पावसाळ्यात तो किंवा त्या जातीचा माइक बूमवर लावलेला बरा. बॅगेवर कडकडणारं प्लॅस्टिक टाकू नका. त्यावर पडणारा प्रत्येक थेंब जवळच्या माइकमध्ये ऐकू येतो. वर एक जाड सुती टॉवेल टाकला तरी आवाज बराच मरतो, फक्त अँटेना बाहेर राहतील असं बघा.

घरी आल्यावर बॅटरी बॅगेत लावून ठेवू नका, पॉवर वाटणारा डबा बंद असला तरी थोडी वीज खात राहू शकतो. पावसाळ्यात सगळ्या चेन उघडून बॅग रात्रभर पंख्याखाली ठेवा, सकाळी कोरडी झाल्यावरच सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करा. दुसऱ्या दिवशी उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून विमान पकडायचं असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात घ्या, त्यांच्या टोकांना टेप लावा आणि शंभर वॉट-अवरच्या वरची एखादी असेल तर विमान कंपनीला आधीच विचारून ठेवा.