सिक्वेलमधले राक्षस बदलताना या चुका टाळा

गेमचा पहिला भाग बरा चालला, सिक्वेल (पुढचा भाग) ठरला, की पहिल्याच बैठकीत कुणीतरी कॉन्सेप्ट आर्टिस्टला हमखास सांगतं, ‘आपले गॉब्लिन आता जुने वाटतात, जरा डेंजर करून दे ना.’ डेंजर गॉब्लिन दोन दिवसांत येतात, सगळे वा वा करतात, आणि पुढचे कित्येक महिने ॲनिमेशन, कोड आणि बॅलन्स (कोण किती अवघड याचं गणित) त्या एका चित्रामागे फरफटत जातात. फँटसी आरपीजीच्या (एक पात्र घेऊन त्याला वाढवत खेळायच्या गेमच्या) सिक्वेलमध्ये राक्षसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बदलायचा असतो. आधी ठरवायचं ते त्याचं वागणं. खेळणाऱ्याने पहिल्या भागात तीस-चाळीस तास घालवून ‘हा दिसला की असं करतो’ हे अंगात मुरवून घेतलेलं असतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय मोडायचं, हे ठरवल्याशिवाय ब्रशला हात लावू नका.

कारण न देता चेहरा बदलणं

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण बायोवेअरच्या ‘ड्रॅगन एज’ मालिकेत आहे. २००९ च्या ‘ओरिजिन्स’ या पहिल्या भागातले डार्कस्पॉन, म्हणजे त्या जगातले राक्षस, काळपट, सडक्या कातडीचे, अंगावर मिळेल ते चिलखत चढवलेले. २०११ मध्ये ‘ड्रॅगन एज २’ आला आणि त्यातले हर्लॉक (डार्कस्पॉनचीच उंच जात) एकदम फिकट, कवटीसारख्या तोंडाचे झाले. ठेंगणे जेनलॉक तर मूळ गेममध्ये दिसलेच नाहीत. ते त्याच वर्षी ‘लेगसी’ या जोडभागात आले, तेही गोरिलासारख्या पोक काढलेल्या धिप्पाड अंगाने.

नवं रूप वाईट होतं का, यावर वाद घालता येईल. खरी अडचण काळाची आहे. दुसऱ्या भागाची सुरुवात पहिल्या भागातल्याच आक्रमणाच्या वेळी होते. नायकाचं कुटुंब ज्या लोथरिंग गावातून पळतं, त्याच गावात पहिल्या भागाचा खेळाडू फिरून आलेला असतो. तेच वर्ष, तीच टोळधाड, आणि तोंडं मात्र वेगळी. शंभर वर्षं मध्ये गेली असती तर लोकांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून घेतलं असतं. इथे ती फटच ठेवली नव्हती.

त्याच गेममध्ये कुनारी नावाच्या धिप्पाड जमातीला शिंगं आली. पहिल्या भागातला स्टेन बिनशिंगाचा, आणि तोही लोथरिंगमध्येच पिंजऱ्यात भेटलेला. पण इथे एक ओळीचं कारण दिलं होतं: बिनशिंगाचे कुनारी क्वचित जन्मतात आणि त्यांना खास मानलं जातं. शिवाय शिंगांमुळे अंधारात, दुरून, पाठमोरा असला तरी कुनारी ओळखू येतो. माझ्या मते हा बदल टिकला तो या दोन्हींमुळे. डार्कस्पॉनच्या वाट्याला कारणही आलं नाही आणि ओळखही वाढली नाही.

यावर माझा इलाज अगदी साधा आहे. प्रत्येक जुन्या राक्षसासाठी तीन गोष्टी कागदावर लिहायच्या आणि त्यांना कुणालाही हात लावू द्यायचा नाही: बाह्याकृतीतली एक खूण, एक आवाज आणि एक हल्ला. उदाहरणार्थ, गॉब्लिनचे आडवे कान, उडी मारण्याआधीची किंकाळी आणि ती उडी. बाकी कातडी, चिलखत, दात, रंग वाटेल तसे बदला. मग मॉडेल काळ्या रंगाने भरा, ६४ पिक्सेल उंचीचं करा आणि पहिला भाग खेळलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवा. ‘कोण आहे?’ एवढंच विचारू नका. ‘आता काय करेल?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं आणि दुसऱ्याचं नाही आलं, तर मुखवटा राहिलाय आणि राक्षस गेलाय.

आकाशातून माणसं टाकणं

‘ड्रॅगन एज २’चीच दुसरी गोष्ट. ओरिजिन्समध्ये खोलीत शिरलं की शत्रू समोर उभे दिसायचे. गेम थांबवायचा, ढालवाल्याला दारात उभं करायचं, जादूगाराला मागे ठेवायचं, मग भिडायचं. दुसऱ्या भागात लढाईचा वेग वाढवला आणि तो टिकवायला लाटा आणल्या. पहिली टोळी संपत आली की दुसरी छपरावरून उडी मारते किंवा जमिनीतून उगवते, तीही बरेचदा मागे ठेवलेल्या जादूगाराच्या भोवतीच. मग उभं कुठे राहायचं हा विचार करून उपयोग काय? मोठा मंत्र आत्ता वापरायचा की राखून ठेवायचा, हेही कळत नाही, कारण अजून किती जण येणार याचा पत्ता नसतो. खेळाडूंनी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं, आणि ते रास्तच होतं.

लाटा वाईट नसतात, पत्ता न देता येणाऱ्या लाटा वाईट. माझे नियम असे: नवी टोळी खेळाडूच्या कोणत्याही साथीदारापासून १५ मीटरच्या आत उगवणार नाही. ती दार, भुयार, शिडी अशा आधीपासून दिसणाऱ्या जागेतूनच येईल. दीड ते दोन सेकंद आधी आवाज येईल. आणि खेळाडूने ती वाट बंद केली, म्हणजे दार लावलं किंवा शिडी पाडली, तर लाट येणारच नाही. शेवटच्या नियमाला प्रोग्रामर कुरकुर करतात. करू द्या. पण त्या एका गोष्टीमुळे लाट म्हणजे शिक्षा न राहता डाव होतो.

रक्त (राक्षस मरेपर्यंत किती मार खाईल तो आकडा) वाढवलं म्हणजे राक्षस अवघड झाला, असं समजणं

नवशिक्यांचा हा लाडका शॉर्टकट. आकडा बदलायला दहा सेकंद लागतात, म्हणून सगळे तिथेच जातात.

हिशेब करून बघा. पहिल्या भागात गॉब्लिनचं रक्त ३००, खेळाडूचा मार सेकंदाला ६०, म्हणजे ५ सेकंदांत खेळ खलास. सिक्वेलमध्ये खेळाडूचा मार १२० झाला, कुणाला तरी गॉब्लिन ‘फारच सोपा’ वाटला आणि रक्त २,४०० केलं. आता एकाला २० सेकंद लागतात. सहा जणांच्या छावणीला दोन मिनिटं. गॉब्लिनकडे हल्ले तीनच, प्रत्येकाला साधारण ३ सेकंद. म्हणजे पहिला गॉब्लिन मरेपर्यंत प्रत्येक हल्ला दोनदा बघून होतो. उरलेले पाच निव्वळ हमाली.

२००६ चा ‘ऑब्लिव्हियन’ हा आरपीजी यात चांगलाच अडकला. खेळाडूची लेव्हल वाढली की जग त्याच्याबरोबर वर चढायचं. वरच्या लेव्हलला साधा वाटमारी करणारा चोर काचेचं महागडं चिलखत घालून चिल्लर मागायला उभा, आणि काही गॉब्लिन सरदारांचं रक्त लेव्हलसोबत वाढतच जायचं. पराक्रमाची खूणच पुसली गेली. त्याच मालिकेतल्या २०११ च्या ‘स्कायरिम’ने लेव्हल जुळवणं सोडलं नाही, पण जागांना किमान लेव्हल दिली, आणि खेळाडू पहिल्यांदा आत शिरला की त्या जागेची लेव्हल तिथेच ठरायची. त्यातल्या ड्रॉगरचं, म्हणजे थडग्यांतल्या जिवंत प्रेतांचं, तर बघण्यासारखं आहे. साधा ड्रॉगर, मग रेस्टलेस, वाइट, स्कर्ज, डेथलॉर्ड. सांगाडा तोच, पण नाव वेगळं, आणि वरचे ड्रॉगर ओरडून तुमच्या हातातली तलवार उडवतात. रक्त तिथेही वाढतं, पण सोबत एक नवी भीती येते.

मी रक्ताचा आकडा लिहितच नाही, वेळ लिहितो: किरकोळ शत्रू ३ ते ६ सेकंद, टोळीचा म्होरक्या १५ ते २५, बॉस ३ ते ६ मिनिटं. त्या टप्प्यावरचा खेळाडूचा सरासरी मार घेऊन आकडा शीटमध्ये आपोआप निघतो. वेळ वाढवायची असेल तर दर ७-८ सेकंदांमागे एक नवं वागणं दाखवायचं: पळून जाणं, साथीदाराला बोलावणं, शस्त्र टाकून अंगावर येणं. तेवढं सुचत नसेल तर वेळ वाढवायची नाही.

जुन्या रिगवर नवं अंग चढवून हात झटकणं

रिग म्हणजे मॉडेलला हलवणारा आतला हाडांचा सांगाडा. इथली दुखणी ठरलेली आहेत, म्हणून लक्षणावरून सांगतो. उदाहरणं अनरियल या गेम इंजिनची.

हात लांब केले, पण खेळताना आखूड होतात किंवा खांद्याजवळ चुरगळतात: ॲनिमेशन जुन्या हाडांची लांबी सोबत आणतंय. स्केलेटन उघडा, रिटार्गेटिंगचे (एका अंगाचं ॲनिमेशन दुसऱ्याला बसवण्याचे) पर्याय दाखवा, सगळ्या हाडांना एकदम ‘स्केलेटन’ द्या. मग रूट (सगळ्यांचं मूळ हाड) आणि आयकेच्या (हातपाय नेमक्या जागी टेकवणाऱ्या) हाडांना परत ‘ॲनिमेशन’, कंबरेच्या हाडाला ‘ॲनिमेशन स्केल्ड’. शेवटचं विसरलात तर राक्षस जमिनीत रुततो किंवा तरंगतो.

पाय घसरतात: पाय २० टक्के लांब केला की तेच चालणं २० टक्के जास्त अंतर कापतं. वेग सेकंदाला १५० सेंमी होता तो १८० करा, नाहीतर ॲनिमेशनचा वेग त्या प्रमाणात उतरवा. अवजड राक्षसाला दुसरा उपाय शोभतो.

राक्षस दारात अडकून जागच्या जागी पाय मारतो: हे हमखास घडतं. कॅरॅक्टरची मूळ कॅप्सूल (धडक मोजणारं अदृश्य कवच) ३४ सेंमी त्रिज्या आणि ८८ सेंमी अर्ध्या उंचीची असते. कुणीतरी अख्खा राक्षस १.३ पटीने मोठा करतो, की अर्धी उंची ११४ वर, म्हणजे पूर्ण उंची २२८ वर जाते. दार २२० चं. नेव्हमेश (कुठे चालता येईल याचा नकाशा) मात्र जुन्या, बुटक्या एजंटसाठी (चालणाऱ्याच्या मापासाठी) बांधलेला, त्यामुळे त्याच्या लेखी वाट मोकळीच. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशन सिस्टीमखाली नव्या मापाचा वेगळा एजंट जोडा आणि नेव्हमेश पुन्हा बांधा. युनिटी या दुसऱ्या इंजिनात हेच काम एजंट टाइप करतो. मग राक्षस त्या दाराकडे फिरकतच नाही. त्याने दाराबाहेर उभं राहून काय करायचं, हे आता तुम्हाला लिहावं लागेल. दगड फेकू दे, भिंतीला धडका देऊ दे.

सोटा अंगातून आरपार जातो, पण लागत नाही: सोटा नवा, हिटबॉक्सचं (फटका लागला का ते तपासणाऱ्या अदृश्य आकाराचं) टोक जुन्या सॉकेटवरच (हाडावरच्या जोडणीच्या खुणेवरच). टोकाचा सॉकेट हलवा. शिवाय मारा जलद असेल तर प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या एकेका चित्राला) ‘आत्ता स्पर्श होतोय का’ एवढंच तपासून भागत नाही. तीन फ्रेममध्ये १२० अंश फिरणारा सोटा मधली जागा गाळतो. मागच्या फ्रेममधल्या जागेपासून आत्ताच्या जागेपर्यंत स्वीप करा, म्हणजे मधली सगळी वाट तपासा.

आणि कोणताही हिशेब फ्रेमच्या भरवशावर ठेवू नका. ‘डार्क सोल्स २’च्या पीसी आवृत्तीत सेकंदाला ६० फ्रेमला शस्त्रं ३० फ्रेमच्या जवळपास दुप्पट वेगाने झिजत होती. ते दुरुस्त व्हायला २०१५ उजाडलं.

इशारा कमी करून ‘आव्हान’ वाढवणं

दिसलेल्या गोष्टीवर माणसाचा हात हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे ६० फ्रेमच्या गेममध्ये १५ फ्रेम. टीव्ही आणि कंट्रोलरची दिरंगाई त्यात धरा. हल्ल्याआधीची तयारी २० फ्रेमच्या खाली गेली की खेळाडू बघून चुकवत नाही, पाठ करून चुकवतो. मी किरकोळ शत्रूला २४ ते ३० आणि मोठ्या फटक्याला ४० च्या पुढे देतो. सरावलेल्या खेळाडूला फसवायचं असेल तर तयारी लांबवा. उगारलेला हात अर्धा सेकंद तसाच थांबला की घाईने लोळण घेणारा बरोबर सापडतो, आणि दोष स्वतःलाच देतो.

उरलेल्या, थोडक्यात

रंग बदलून नवा राक्षस करण्यात लाज नाही, फक्त रंगाचा अर्थ सगळीकडे एकच ठेवा. झेल्डा मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये लाल बोकोब्लिन या किरकोळ राक्षसाचं रक्त १३ आणि चंदेरीचं ७२०, तरी कुणी फसत नाही, कारण निळा, काळा, चंदेरी ही चढण मोब्लिन आणि लिझाल्फोस या दुसऱ्या राक्षसांनाही तशीच लागू आहे. पण रंगासोबत एखादी आकाराची खूणही द्या. लाल-हिरव्यात गल्लत होणारे खेळाडू बरेच असतात.

नवं अंग जोडलंत तर त्याला काम द्या. त्याच्याच २०२३ च्या सिक्वेलमध्ये, ‘टियर्स ऑफ द किंगडम’मध्ये, राक्षसांची शिंगं ठळक झाली, कारण तीच मिळवून शस्त्राला जोडायची असतात. काम नसलेलं शिंग फक्त शिरस्त्राणातून बाहेर येतं आणि आर्टिस्टची झोप उडवतं.

आपल्याकडच्या भुताखेतांवर गेम करणाऱ्यांसाठी: झोंबीला हिरवी साडी नेसवून ‘हडळ’ नाव देऊ नका. उलटी पावलं हा आयता मिळालेला खेळ आहे. मातीतल्या ठशांमागे जाणारा खेळाडू तिच्यापासून लांब जातो, आणि ठशांपासून पळणारा थेट तिच्या पुढ्यात. सिक्वेलमध्ये चेहरा हवा तेवढा बदला, पावलं सरळ करू नका.

चिलखताचे चमकणारे भाग तोंड आणि हातांपेक्षा उजळ ठेवू नका. मॉडेल करड्या रंगात बघा. नजर आधी बकलवर गेली तर हल्ला करणारा हात दिसणारच नाही.

एलओडी (दुरून दिसताना वापरायची, कमी तपशिलाची मॉडेलं) तपासताना कॅमेरा ३० मीटरवर नेऊन बघा. त्रिकोण कमी करणारं टूल सर्वांत आधी बारीक, टोकदार भाग खातं, म्हणजे नेमके ते कान आणि शिंगं, जी तुम्ही कागदावर ‘हात लावू नका’ म्हणून लिहिली होती. त्या भागांना वेगळं वजन द्या, किंवा दुसरा-तिसरा एलओडी हाताने करा. एका राक्षसामागे अर्धा दिवस जातो.