टू-स्ट्रोक स्कूटरला बाहेरचा पाइप लावायचाय? आधी तुलना नीट करा, मग जेटिंग

एलएमएल, जुनी वेस्पा, कायनेटिक होंडा अशा टू-स्ट्रोक स्कूटर अजून जपणारी मंडळी जमली की थोड्याच वेळात विषय सायलेन्सरवर येतो. कुठला पाइप भारी, कुणाचा आवाज कडक, कुणाची गाडी किती पळाली वगैरे. यातलं निम्मं काही कामाचं नसतं, कारण एकाने पाइप बदलला पण जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा छोटा पार्ट) तोच ठेवला, दुसऱ्याचा जुना सायलेन्सर कार्बनने बुजलेला होता म्हणून त्याला नवीन काहीही रॉकेटच वाटणार, आणि तिसरा नुसत्या आवाजावर खूश आहे. माझं मत विचाराल तर पाइप एकटा चांगला किंवा वाईट नसतोच, पाइप, जेट आणि गिअर असे तिन्ही मिळून बघावं लागतं.

आधी थोडं डोकं लावू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नसतो, पिस्टन खाली गेला की पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतलं भोक, उघडतं आणि जळलेल्या गॅसबरोबर थोडं ताजं मिक्स्चरसुद्धा पाइपात निघून जातं. एक्स्पान्शन चेंबरचं काम हे की बाहेर निघालेली दाबाची लाट आधी पसरत्या कोनमध्ये जाऊन सिलिंडरमधला उरलासुरला गॅस ओढून घेते, मग मागच्या आवळत्या कोनवर आपटून परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या जरा आधी ते पळालेलं मिक्स्चर पुन्हा आत ढकलते. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेनने हे रेसिंगमध्ये सिद्ध करून दाखवलं, आणि १९६१ मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला तेव्हा ही विद्याही जपानला पोचली.

पण ती लाट वेळेवर परत यायला हवी, आणि पाइपची लांबी ठरलेली असल्याने ती एका ठरावीक आरपीएमच्या आसपासच वेळेवर येते. ढोबळ हिशोब असा, ४३,००० गुणिले पोर्ट किती अंश उघडं राहतं ते, भागिले आरपीएम, आलेला आकडा म्हणजे पिस्टनपासून मागच्या कोनच्या मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये. समजा पोर्ट १६० अंश उघडं राहतं आणि तुम्हाला ६,५०० ला जोर हवाय, तर लांबी साधारण १,०६० मिमी येते, तेच ८,५०० ला हवा असेल तर ८१० मिमी. म्हणजे लांब पाइप खालच्या आरपीएमचा आणि आखूड पाइप वरच्या आरपीएमचा. दोन पाइप हातात असतील तर दोरी घेऊन मोजा, विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा दोरी जास्त खरं सांगते.

आणि हो, गल्लीतला वेल्डर सायलेन्सर कापून आतली जाळी-नळ्या काढून देतो आणि "आता बघा गाडी कशी पळते" म्हणतो ना, त्याने गाडी पळत नाही, ओरडते. परत येणारी लाटच बिघडली तर खालचा पिकअप जातो, ॲव्हरेज जातं, शेजारी भांडायला येतात ते वेगळंच.

आधी जुना सायलेन्सर साफ करा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग सगळी तुलनाच खोटी ठरते. स्वस्त टूटी ऑइलवर (पेट्रोलबरोबर जळणारं टू-स्ट्रोकचं तेल) वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीचा सायलेन्सर आतून काळ्या चिकट कार्बनने भरलेला असतो. जुने मेकॅनिक तो जाळून साफ करायचे, काही जण कॉस्टिक सोड्यात भिजवून ठेवतात. कॉस्टिक वापरलात तर हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमच्या कुठल्याही पार्टला ते लागू देऊ नका, पार खाऊन टाकतं. साफ करायच्या आधी आणि नंतर सायलेन्सर वजनकाट्यावर ठेवून बघा, किती माल आत होता ते कळेल. सायलेन्सर निघालेलाच आहे तर एक्झॉस्ट पोर्टही बघून घ्या, पिस्टन वर आणून पोर्ट झाकून घ्यायचं म्हणजे खरवडलेला कार्बन सिलिंडरमध्ये पडत नाही, आणि खरवडायला लाकडाची पट्टी घ्या, स्क्रू-ड्रायव्हर नको.

एवढं करून गाडी चालवून बघा. बऱ्याच जणांना इथेच लक्षात येतं की नवीन पाइपची गरजच नव्हती, पैसे वाचले.

तुमची गाडी गिअरची आहे की व्हेरिएटरची?

निवडीचा सगळा खेळ इथे आहे म्हणून जरा सविस्तर. व्हेरिएटर म्हणजे ऑटोमॅटिक स्कूटरमधली, बेल्टवर चालणारी आणि आपोआप गिअर बदलत नेणारी यंत्रणा. एलएमएल किंवा वेस्पा पीएक्सला ४ गिअर आहेत आणि तिसऱ्यावरून चौथ्यात टाकलं की आरपीएम बरंच खाली येतं. समजा तुम्ही असा पाइप लावला की ज्याचा जोर फक्त ७,५०० च्या वरच आहे, तर तिसऱ्यात गाडी सुसाट जाते, चौथा टाकला की लाटेच्या पट्ट्याबाहेर पडते आणि मेल्यासारखी होते, परत तिसरा, परत चौथा, घाटात तर वैतागच. अशा गाडीला जोराचा पट्टा रुंद असलेला पाइप हवा, टोकाला थोडा कमी जोर असला तरी चालेल. म्हणून रोजच्या वापराच्या पीएक्स-एलएमएलला युरोपातसुद्धा लोक सिटो प्लस किंवा एसआयपी रोडसारखे डब्याच्या आकाराचे पाइप लावतात, दिसायला मूळ सायलेन्सरसारखे पण आतून मोकळे. एलएमएल पिआज्जिओच्या परवान्यावरच सुरू झाली असल्याने पीएक्सचे हे पाइप तिला बसतात. खरा एक्स्पान्शन पाइप लावायचाच असेल तर शॉर्ट फोर्थ (तिसऱ्याच्या जवळचा चौथा गिअर) किंवा गिअरिंगचं काहीतरी करायची तयारी ठेवा. डाव्या बाजूने निघणाऱ्या पाइपला स्टेपनीची जागा लागते हेही आधीच बघा.

कायनेटिक होंडा किंवा युरोपातल्या ५० सीसी ऑटोमॅटिक स्कूटरचं गणित उलटं आहे. तिथे व्हेरिएटर इंजिनाला एकाच आरपीएमवर धरून ठेवू शकतो आणि गाडीचा वेग मात्र वाढत राहतो. मग पाइपचा पट्टा अरुंद असला तरी बिघडत नाही, व्हेरिएटर त्या पट्ट्यात बसवता आला की झालं. म्हणूनच इटलीच्या पोलिनी, मालोसी, लिओविन्स, जिआनेल्ली किंवा स्पेनच्या यासुनीचे आखूड, टोकदार पाइप त्या ५० सीसी गाड्यांवर इतके चालतात. तोच स्वभाव ४ गिअरच्या गाडीत त्रास देतो. तिकडच्या ५० सीसीच्या काही पाइपांना हेडरमध्ये (इंजिनाला लागणाऱ्या पहिल्या नळीत) वॉशर किंवा बाजूला बंद नळी वेल्ड केलेली असते, तो वेग ४५ वर अडवण्यासाठीचा कायद्याचा बांध असतो, वापरलेला पाइप मागवत असाल तर हे माहीत असू द्या.

बसवताना

जॉइंटमधून गळती चालत नाही, बाकी काही विशेष नाही. जॉइंटभोवती काळं ओलं तेल दिसलं की समजा लाट तिथे वाया जातेय. नवीन गॅस्केट, क्लॅम्प नीट, आणि आधी सगळे बोल्ट हाताने बसवून मग शेवटी आवळायचे, पाइप ताणून बसवला तर ब्रॅकेट क्रॅक होणारच. मागचं चाक पाइप न काढता निघतं का तेही तिथल्या तिथे बघून घ्या, रस्त्यात पंक्चर झाल्यावर नको.

जेटिंग, इथे घाई केली की पिस्टन पकडतो

मोकळा पाइप जास्त हवा ओढतो, म्हणून मेन जेट मोठा लागतो. जेट तोच ठेवून फुल थ्रॉटल दिलात तर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पिस्टन तापतो आणि इंजिन जाम. म्हणून सुरुवात मोठ्या जेटपासून करायची आणि हळूहळू खाली यायचं, खालून वर कधीच नाही. डेलऑर्टो कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १०० चा जेट १ मिमी. १०० वरून १०५ वर गेलात की भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ १० टक्के वाढतं, तेव्हा आकडा लहान दिसला तरी फरक मोठा असतो. आत्ताच्या जेटपेक्षा ५-६ ने मोठा घालून सुरुवात करा आणि २-२ ने खाली या. जेटमध्ये तार फिरवून भोक मोठं करायची जी कला आहे ती कृपा करून विसरा, मग तो जेट कितीचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

आता बघायचं काय? इंजिन पूर्ण गरम करा, गार पाइपमध्ये लाट हळू चालते त्यामुळे गार गाडीची चाचणी खोटी असते. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटल. गाडी वरच्या आरपीएमला अडखळत बदबदल्यासारखी झाली तर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त, जेट एक पायरी खाली. उलट थ्रॉटल सोडल्यावरही रेस लटकून राहत असेल किंवा आतून टिणटिण आवाज येत असेल तर लीन, लगेच थांबा. हाताच्या चोकची गाडी असेल तर फुल थ्रॉटलला चोक क्षणभर जरासा ओढून बघता येतो, गाडी उचलली तर पेट्रोल कमी पडत होतं, बसली तर पुरेसं आहे.

पक्कं करायचं तर प्लग वाचा. नवीन प्लग घालून फुल थ्रॉटलवर थोडं अंतर मारा, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, आरामात चालवत घरी येऊन प्लग बघण्यात अर्थ नाही कारण मग आयडलिंगचा रंग दिसतो. पांढऱ्या चिनीमातीच्या तळाशी, अगदी आत, तपकिरी कडं दिसायला हवं. पांढराफटक असेल तर जेट वाढवा, काळा-ओला असेल तर कमी करा. अर्ध्या थ्रॉटलचा प्रॉब्लेम वेगळा असतो, नीडलवाल्या (सुईच्या) कार्बोरेटरमध्ये त्या सुईची क्लिप एक खाच वर-खाली करून तो सुटतो, पण वेस्पा-एलएमएलच्या एसआय कार्बला नीडलच नसते, तिथे पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट) आणि मेन जेटवरच्या एअर करेक्टरशी (हवेच्या जेटशी) खेळावं लागतं. सगळं जुळलं की एक पायरी मोठाच जेट ठेवा, थंडीत हवा दाट होते आणि मिक्स्चर आपोआप लीनकडे सरकतं.

इग्निशनचं टायमिंग नुसत्या पाइपसाठी हलवू नका, ते कंपनीच्या खुणेवर आहे एवढं तपासा.

व्हेरिएटरवाल्यांसाठी

पाइपचा जोर जिथे आहे त्याच्या खालीच व्हेरिएटर गिअर चढवत असेल तर गाडी जड वाटते, आवाज मोठा आणि वेग नाही. तेव्हा व्हेरिएटरमधले रोलर (आत फिरणारी छोटी वजनं) हलके करायचे, म्हणजे इंजिन जास्त आरपीएमवर टिकून राहतं. मूळ रोलर छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा, मग अर्धा-एक ग्रॅमच्या पायरीने खाली जा. इंजिन नुसतं किंचाळतंय आणि वेग वाढत नाहीये असं झालं की जास्तच हलके झाले. उठतानाच मरत असेल तर रोलरला दोष देऊ नका, क्लच लवकर पकडतोय, त्याच्या स्प्रिंग बघा.

तुलना कशी करायची

टॉप स्पीड सोडून द्या, जुन्या स्पीडोमीटरचा काटा तर स्वतःच नाचत असतो. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ५५ किती सेकंदात, हे मोजा. मोबाइलवर जीपीएसचा वेग दिसणारं ॲप लावून स्क्रीन रेकॉर्ड करा आणि नंतर व्हिडिओतून सेकंद काढा, चालवताना बघायचं नाही. रस्ता एकच, दोन्ही दिशांनी, टायरची हवा तीच, चालवणारा तोच, आणि प्रत्येक पाइपला त्याचा स्वतःचा जुळलेला जेट. मग एक चढ धरा, पुण्याचे असाल तर बोपदेव घाट आहेच, एका ठरलेल्या वळणावरून ठरलेल्या वेगाने निघायचं आणि ठरलेल्या खांबापाशी वेग किती होता ते बघायचं, मागे माणूस बसवून आणि न बसवता. मला विचाराल तर घाटातला आकडाच खरा. सोबत टाकी फुल करून ॲव्हरेजही काढा, काही पाइप जोर देतात पण पेट्रोल पितात.

पोलीस आणि पीयूसी

१५० सीसीच्या गटात, म्हणजे ८० ते १७५ सीसीला, नवीन गाडी पास होताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे, ८० सीसीपर्यंत ७५. मॉडिफाइड सायलेन्सरवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्सवर गदा. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला डब्याच्या आकाराचा शांत पाइप हेच शहाणपणाचं, टोकाचा पाइप ट्रॅकसाठी. पीयूसीत टू-स्ट्रोकला मार्च २००० पर्यंतच्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि त्यानंतरच्या गाडीसाठी ३.५ टक्के चालतो, जेट फारच रिच ठेवलात तर इथे अडकाल. १५ वर्षांवरच्या गाडीची आरसी रिन्यू करायला आरटीओत नेताना मूळ सायलेन्सरच लावून न्या, त्यामुळे तो साफ करून, आत थोडं ऑइल फिरवून, दोन्ही तोंडं चिंधीने बंद करून माळ्यावर ठेवा, भंगारात देऊ नका.

नवीन पाइप लावल्यावर पहिले शे-दोनशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत आवळा, ते सैल होतातच. मागच्या छोट्या सायलेन्सरमध्ये ग्लासवूल असेल तर ते तेलाने भिजून बसतं आणि आवाज फाटका यायला लागतो, तेव्हा उघडून नवीन भरायचं.